आईच्या पत्रिकेचा मजकूर

सातारा,
15 मार्च 2026

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर भागलं असतं, पण हा मजकूर तुझ्या डोळ्यांखालून जायला हवा, म्हणून चार ओळी लिहितोय. (चाळीस होतील, मला माहीत आहे.)

आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. गुरुजींनी हिशेब कागदावर मांडून दाखवला. 81 वर्षांचे महिने 972, त्यात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणारे अधिक महिने तीसेक. म्हणजे 81 पुरी व्हायच्या थोडं आधीच हजार पौर्णिमा भरतात. आईचा जन्म ऑगस्ट 1945चा. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, तो 15 जूनला संपतो, म्हणून 21 तारखेचा रविवार धरलाय. हॉल, आचारी, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते पत्रिकेवर.

छापखान्यात साचा तयारच होता. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या मातोश्री गं. भा. सुनंदाबाई यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहून समारंभाची शोभा वाढवावी.’ खोटं कशाला सांगू, मला ते वाचून बरं वाटलं. ‘योजिले आहे’ म्हटलं की कसं भारदस्त वाटतं!

आईनं चष्मा लावून प्रूफ वाचलं. “मातोश्री कोण?” म्हणाली. मग ‘गं. भा.’वर नखानं रेघ ओढली. “ह्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. माझ्या वाढदिवसालाही लोकांना तेच सांगायचंय का?” मी गप्प. ‘श्रीमती’ केलं, ते चाललं.

मग निघालं नावाचं. तुला ठाऊक नसेल, आई माहेरची यमू. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं ‘सुनंदा’ लिहिलं आणि यमू वाईलाच राहिली. मामा अजून यमूताईच म्हणतात. आईचं म्हणणं, नुसतं सुनंदा छापलंत तर वाईच्या म्हाताऱ्या माणसांना वाटेल, कुणाच्या तरी सासूचा कार्यक्रम आहे. दोन्ही नावं घाला. पुण्याचा धाकटा म्हणतो, “पत्रिका आहे की आधार कार्ड?” मी मात्र आईच्या बाजूनं आहे. साठ वर्षं गप्प बसलेलं नाव एकदा छापून येऊ दे की.

‘कृपया आहेर आणू नये’ हेही तिला तुसडं वाटतं. पण ते मी ठेवणार, नाहीतर शालींचं दुकान टाकावं लागेल. आणि निमंत्रकांत ताईचं नाव नव्हतंच, फक्त मुलगे-सुना. साच्यात जागा नाही म्हणे! जागा केली.

शेवटी रात्री बसून मीच खरडलं:

‘आमची आई, वाईची यमू आणि साताऱ्याची सुनंदा, हिने हजार पौर्णिमा पाहिल्या. रविवार, 21 जून रोजी सकाळी दहा वाजता तिला 81 दिव्यांनी ओवाळायचे आहे. आपण सहकुटुंब यावे आणि दुपारी आमच्याबरोबर जेवावे.’

धाकट्याला हे फार घरगुती वाटतं. बायकोची शंका वेगळीच, आणि तिथंच मला तू हवा आहेस. आपण आईला अगं-तुगं करतो, पण चारशे माणसांपुढे ‘हिने’ छापायचं की ‘यांनी’? ‘यांनी’ लिहिलं की ती एकदम भिंतीवरच्या फोटोतली होते. ‘हिने’ लिहिलं तर वाईकर नाकं मुरडतील. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिताना माझी मराठी तूच सुधारायचास, तेव्हा आता सुटका नाही. महिनाअखेरपर्यंत कळव, छापखानेवाला मागे लागलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा

ता. क. तुला छापील पत्रिका पाठवायची नाही, असा आईचा हुकूम आहे. ती परक्यांना पाठवतात म्हणाली. आदल्या दिवशीच या दोघं, दिवे पुसायला माणसं हवीत.