पंधरा वर्षे काही झाले नाही, हा पुरावा नव्हे

महोदय,

माहिती सुरक्षेच्या क्षेत्रात पदवीचा उपयोग शून्य, अनुभव हाच खरा गुरू, असे ठासून सांगणारा कालच्या अंकातील लेख वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. लेखकांच्या ज्येष्ठतेविषयी आदर आहे. मात्र 'पुस्तकी पंडित' हा त्यांचा शब्द मी पूर्वीही ऐकला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागलेली पाहिली आहे.

२०१४ साली एका पतसंस्थेच्या संगणक प्रणालीची तपासणी माझ्याकडे आली होती. पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेली अक्षरांची माळ, साठवलेला तक्ता उघडला, तेव्हा अकरा कर्मचाऱ्यांच्या नावांपुढे अक्षरांची एकच माळ दिसली. याचा अर्थ त्या अकरा जणांचा पासवर्ड एकच होता, आणि तक्ता पाहणाऱ्या कोणालाही ते कळत होते. हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक पासवर्डमध्ये वेगवेगळी यादृच्छिक (रँडम) भर, म्हणजे सॉल्ट, घालावी, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी १९७९ सालीच लिहून ठेवले आहे आणि मी ते वर्गात शिकलो होतो. मी तसा अहवाल दिला. प्रणाली पुरवणारे गृहस्थ अनुभवी होते. ते भर बैठकीत म्हणाले, "पंधरा वर्षे हेच चालू आहे, एकदाही चोरी झालेली नाही. कॉलेजातल्या शंका इथे नकोत." संचालकांना ते पटले. दीड वर्षाने त्या अकरांपैकी एका रोखपाल बाईंच्या नावाने खोट्या नोंदी झाल्या, आणि खुलासा मागितला गेला तो त्या बाईंकडे. ते दुसऱ्याचे काम होते हे सिद्ध होईपर्यंत त्यांचे चार महिने कसे गेले, हे मी जवळून पाहिले आहे.

लेखकांनी 'जे चालते ते बरोबर' हीच कसोटी लावली आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ साली ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील एक ओळ काढून टाकली गेली, कारण तपासणीच्या साधनाला ती संशयास्पद वाटत होती. ती काढणारा नवशिका नव्हता, पण यादृच्छिकता कुठून येते हे त्या ओळीवर अवलंबून होते. पुढे मे २००८ पर्यंत सगळे सुरळीत चालत राहिले, आणि त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे गुप्त आकडे, मात्र प्रत्येक प्रकारात जेमतेम ३२ हजार शक्यतांपैकीच एक असत, म्हणजे संगणकाने सहज शोधता येण्याजोग्या. अशी चूक केवळ वापरातून दिसत नाही. ती दिसायला त्यामागचे गणित ठाऊक असावे लागते.

अनुभवाला मी कमी लेखत नाही. सर्व्हरच्या नोंदी कशा वाचायच्या हे मला रात्रपाळीच्या एका ऑपरेटरने शिकवले, कोणत्याही प्राध्यापकाने नव्हे. आणि आमच्या महाविद्यालयांतील प्रात्यक्षिके वर्षानुवर्षे जुन्या जर्नलमधून उतरवली जातात, ही लेखकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. तिच्यावर उपाय प्रयोगशाळा सुधारणे हा आहे, अभ्यास सोडणे हा नव्हे.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर तीन महिन्यांत 'एथिकल हॅकर' करून देण्याची हमी देणारी मोठी जाहिरात होती. दहावी-बारावीच्या मुलांचे पालक आपला अंक विश्वासाने वाचतात. अशा लेखाशेजारी अशी जाहिरात छापताना संपादकीय विभागाने त्या पालकांचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा