बाप्तिस्म्याबद्दल, चि. रूथला

चि. रूथ हीस,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "पप्पा, माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी दोन महिन्यांची होते. दृढीकरणाच्या वर्गात मी प्रश्नोत्तरं पाठ केली, झालं. तो विश्वास तुमचा होता, माझा आहे की नाही ते मला खरंच माहीत नाही." मी "आईशी बोल" म्हणालो, फोन तिच्या हातात दिला आणि उठून गेलो. त्यानंतर तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी घरातच होतो, आणि आईला "झोपलोय म्हणून सांग" असं सांगितलं. आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मेनो सिमन्स नावाच्या एका माणसाबद्दल वाचत बसलो होतो, म्हणून आज लिहायला धीर आला.

तिकडे नेदरलँड्सला, ग्रोनिंगेनला गेल्यावर पहिल्याच महिन्यात तू ओउडे बोटरिंगेस्ट्राटवरच्या एका चर्चचा फोटो पाठवला होतास, आणि 'डोप्सगेझिंद' म्हणजे काय, असं विचारलं होतंस. आपल्याकडे ज्यांना मेनोनाइट म्हणतात तेच हे लोक, मोठेपणी स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ती पंथ. आत्या धमतरीला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला. दुष्काळानंतर 1899 साली त्यांचे मिशनरी धमतरीला आले, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. ज्याच्या नावावरून ते नाव पडलं तो मेनो सिमन्स तुझ्या शेजारच्या फ्रीसलंडमधला. 1496 साली व्हिटमारसुम गावात जन्मला, अठ्ठाविसाव्या वर्षी रोमन कॅथलिक धर्मगुरू झाला आणि वडिलांच्या पिंगयुम गावी नेमला गेला.

त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की तिथले दिवस पत्ते खेळण्यात आणि पिण्यात जायचे, आणि शास्त्र त्याने कधी उघडून पाहिलं नव्हतं. मग एक दिवस मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना करताना, हातात भाकर आणि द्राक्षारस असताना, मनात आलं की हे खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त आहे का? हा सैतानाचा मोह असावा, असं त्याला वाटलं. त्याने पापकबुली दिली, प्रार्थना केली, तरी शंका जाईना. शेवटी नवा करार उघडला. रूथ, हे वाचताना मी थांबलो. तो धर्मगुरू होता, आणि शंका आली तेव्हा कुठे त्याने शास्त्र हातात घेतलं. तुझी शंका ऐकून मी काय केलं, तर फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

मार्च 1531 मध्ये लेउवार्डेनला सिके फ्रेर्क्स नावाच्या शिंप्याचा शिरच्छेद झाला. गुन्हा काय, तर त्याने मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. दुसरा बाप्तिस्मा ही काय भानगड, असं मेनोला वाटलं आणि तो शोधू लागला. शास्त्रात तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला आधार सापडेना. मग ल्यूथर, बुट्सर, बुलिंगर या धर्मसुधारकांची पुस्तकं पाहिली, तर प्रत्येकाचं कारण वेगळं. आधी ऐकायचं, मग विश्वास ठेवायचा, मग पाण्यात उतरायचं, हाच क्रम त्याला शास्त्रात दिसला.

एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं मारायची, हे तुला नवल वाटेल. त्या काळी जन्मलेलं प्रत्येक मूल बाप्तिस्म्याने मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये यायचं, आणि मंडळी म्हणजेच अख्खं गाव, अख्खं राज्य. 'मी माझ्या मनाने ठरवून येईन' असं एकाने जरी म्हटलं, तरी राजाच्या हातातली दोरी सुटते. त्यात हे लोक शपथ घेत नसत, पुढे मेनोच्या माणसांनी तलवारही सोडली. झुरिकमध्ये जानेवारी 1525 मध्ये पहिले असे बाप्तिस्मे झाले, आणि दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्याच नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे नव्हते. सुधारणेच्या बाजूचे, म्हणजे आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट होते. मला हे टोचलं, म्हणून तुला सांगतो.

पण मेनो लगेच उठून गेला असं समजू नकोस. सत्य कळूनही तो वेदीपाशी उभा राहत होता, पगार घेत होता. उलट व्हिटमारसुमला त्याची बढती झाली. लोक त्याच्या प्रवचनांची तारीफ करत. मग जर्मनीतलं म्युन्स्टर झालं. 1534 मध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांतल्याच एका गटाने ते शहर ताब्यात घेतलं, तलवारीच्या जोरावर देवाचं राज्य आणायला निघाले, आणि दीड वर्षात रक्ताचा चिखल झाला. त्यांच्या पुढाऱ्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे अजून तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर आहेत. 1535 च्या वसंतात मेनोच्या गावापासून जवळच, बोल्सवर्डपाशी, अशाच तीनेकशे लोकांनी एक मठ बळकावला. सैन्याने तो परत घेतला आणि त्यांना कापून काढलं. या वाट चुकलेल्या माणसांचं रक्त माझ्या काळजावर तापल्यासारखं पडलं, अशा अर्थाचं तो लिहितो. ते खोट्यासाठी जीव देतात आणि मी खरं माहीत असून आरामात बसलोय, ही त्याची टोचणी होती. जानेवारी 1536 मध्ये त्याने धर्मगुरूपद सोडलं. पहिल्या शंकेपासून दहा-अकरा वर्षं लागली.

आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली मला. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घाई केली नाही, कित्येक वर्षं थांबल्या, आणि त्यांचं मन वळलं तेव्हाच त्या आल्या. आपण सगळे त्यांचं किती कौतुक करतो, आणि घरात तीच गोष्ट झाली तेव्हा मला राग आला.

पुढची पंचवीस वर्षं मेनो फिरतच राहिला. तुझ्या ग्रोनिंगेनमध्येच 1537 च्या सुमारास त्याला मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी म्हणून नेमलं. ख्येर्ट्रॉइड ही त्याची बायको. मुलं झाली, आणि बायकामुलांना वर्षभर सुखाने राहता येईल अशी एक झोपडीही देशात मिळत नाही, असं तो लिहितो. त्यार्ड रेनिक्स नावाच्या शेतकऱ्याने त्याला घरात घेतलं, म्हणून 1539 मध्ये त्या शेतकऱ्यालाच मारलं. 1542 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने मेनोच्या डोक्यावर 100 गिल्डरचं बक्षीस लावलं. त्याला आसरा देऊ नये, जेवू घालू नये, त्याच्याशी बोलू नये, असा हुकूम निघाला. आपल्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या राज्याने त्याला वाळीत टाकलं.

1553 च्या डिसेंबरात जर्मनीतल्या विस्मारपाशी समुद्र गोठला आणि इंग्लंडहून पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांचं जहाज बर्फात अडकलं. किनाऱ्यावर लपून राहणारे मेनोचे लोक बर्फावरून चालत भाकरी घेऊन गेले, त्यांना गावात आणलं. मदत केल्याने आपला ठावठिकाणा उघड होणार, हे माहीत असूनही गेले. ज्यांना वाचवलं ते त्यांच्या मताचे नव्हते, नंतर त्यांच्याशी वादही झाले. मेनोची शिकवण मला त्याच्या पुस्तकांपेक्षा या बर्फावर जास्त दिसते.

आणि आता जे लिहायला मला जड जातंय ते. त्याच मेनोने म्हातारपणी मंडळीतून काढलेल्या माणसाशी सगळा व्यवहार तोडायचा, या मताला जोर दिला. एम्डेनमध्ये स्वान रुटखेर्स नावाची बाई होती. नवऱ्याला मंडळीने बाहेर काढलं, तर त्याच्याबरोबर जेवायचं नाही, राहायचं नाही, असं तिला फर्मावलं. ती ऐकेना. मेनोने आधी मवाळ भूमिका घेतली, तिची बाजू सांभाळायला पाहिली, पण त्याचे सोबती कडक होते आणि शेवटी तोही त्यांच्या बाजूला गेला. ज्याच्याशी बोलायला राजाने बंदी केली होती, त्यानेच घराघरांत न बोलण्याचा नियम घातला. इथे मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. स्वान बरोबर होती.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि तुझे न घेतलेले तीन फोन आठवले.

काल रात्री ट्रंकेतून तुझा बाप्तिस्म्याचा झगा काढला. आजीने लावलेली लेस पिवळी पडलीय, मानेपाशी पाण्याचा डाग तसाच आहे. पाळकांनी पाणी घातलं तेव्हा तू इतकी रडलीस की उपासना थांबली होती. मी ते प्रेमाने केलं होतं आणि आजही त्याची मला लाज नाही. पण ते वचन मी दिलं होतं, तू नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. मंडळीत कोणी विचारलं तर हेच सांगेन. तुला हवा तेवढा वेळ घे. पुढे 'नाही' असं ठरलं, तरी आपल्या टेबलावर तुझं ताट असेल. हे मी आईसमोर बसून लिहितोय.

मेनो 31 जानेवारी 1561 ला, पाय अधू झालेला, कुबडी घेऊन चालणारा, जर्मनीत व्युस्टेनफेल्डे नावाच्या वस्तीत वारला. एका सरदाराने आपल्या जमिनीवर या लोकांना आसरा दिला होता. मेनोला त्याच्याच बागेत पुरलं. ते गाव पुढे तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालं.

पिंगयुमला त्याच्या लोकांचं एक जुनं गुप्त चर्च आहे, बाहेरून साध्या घरासारखं दिसणारं. लेउवार्डेनवरून जावं लागतं. थंडी कमी झाली की जाऊन ये आणि मला आतल्या बाकांचा फोटो पाठव. सोबत कोणी नसेल तर मला फोनवर घे, मी तुझ्याबरोबर आत येईन.

रविवारी उपासना साडेदहाला सुटते. यावेळी मीच फोन करतो.

तुझा,
पप्पा