नास्तिक मित्रास, मीटिंगला जाण्याआधी

मिरज,
रविवार

प्रिय शिऱ्या,

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू वाद घालतोस आणि जिंकतोस. म्हणून पत्र लिहितोय. निदान मध्येच तोडता तरी येणार नाही तुला.

वहिनींचा फोन आला होता. व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आल्यापासून जेवण नीट आहे, झोप लागतेय, सकाळी फिरायला जातोस. फक्त डॉक्टरांनी सांगितलेल्या एए मीटिंगचं, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाचं, नाव काढलं की तुझं डोकं फिरतं. "आयुष्यभर गावोगाव बुवाबाजीविरुद्ध व्याख्यानं दिली, जिभेवर कापूर पेटवून दाखवला, आणि आता साठीला टेकल्यावर हात जोडून प्रार्थना म्हणू?" हे तुझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं ऐकवलं. मला हसू आलं, रागावू नकोस. पण तुझा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दारू सुटायला देव लागतो का? आणि ज्याच्याकडे तो नाही, त्यानं काय करायचं?

आधी आपल्या मातीतलं सांगतो. तुला माहीतच आहे, माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, पंढरपूर हाकेच्या अंतरावर. तिकडे कुणाची दारू सुटली असं कानावर आलं की पहिला प्रश्न, "माळ घातली का?" महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घ्यायची. मग मांस-मद्य बंद, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. त्यात विठ्ठल किती आणि गाव किती, हे मी लहानपणापासून बघत आलोय. माळकरी माणूस देशीच्या दुकानाकडे नुसता वळला तरी कोपऱ्यावरचा पानवाला हटकतो, "माउली, इकडं कुठं?" दुकानातला पोऱ्यासुद्धा त्याला द्यायला कचरतो. लग्नाकार्यात त्याला कुणी "घे रे थोडी" म्हणत नाही, आणि म्हणालाच एखादा, तर शेजारी बसलेला त्याला गप्प करतो. आणि दिवेलागणीची वेळ, जी तुझी-माझी सगळ्यात वाईट वेळ, ती हरिपाठाला देवळात जाते. हातात टाळ असले की ग्लास धरायला हात मोकळाच नसतो. एवढ्यात तुझ्या विवेकवादाला खटकण्यासारखं काय आहे सांग.

आता उलट बाजूही ऐक, कारण तू ती काढणारच. माळ खुंटीला अडकवून पिऊन येणारे आणि सकाळी आंघोळ करून तीच माळ पुन्हा गळ्यात घालणारे मीही पाहिलेत. आणि त्याहून भयंकर म्हणजे मामाच्या शेजारच्या एका माणसाचं. वीसेक वर्षं रोज पिणारा गडी. आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी बाटली बंद. घरात आनंदीआनंद. तिसऱ्या दिवशी रात्री तो गोधडीवरच्या मुंग्या वेचायला लागला. मुंग्या नव्हत्याच. दारात पोलीस उभे आहेत म्हणाला, बायकोला ओळखेना, अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापतायत. घरच्यांनी देवऋषी आणला. लिंबू, अंगारा, कुणाची बाधा आहे याची चौकशी. चुलत सून आरोग्य केंद्रात नर्स होती, तिनं हे बघितलं आणि तडक जीप बोलावून सिव्हिलला नेला. तिथे शांत करणारी औषधं दिली, शिरेतून बी-वन जीवनसत्त्व दिलं. सलाइन लावताना कुणीतरी माळ काढायला सांगितली, तर बेशुद्धीतही ती त्यानं मुठीत धरून ठेवली.

तू सेंटरमध्ये हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार केलंस म्हणून तुला कळलं नसेल. रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना हा वातभ्रम होतो. वेळेत उपचार नाही झाले तर माणूस जातो. तिथे प्रार्थना उपयोगाची नाही, औषधच लागतं. कुणी देवाच्या नावावर हा टप्पा गोळ्यांशिवाय काढायला सांगत असेल, तर त्याच्याविरुद्ध तू खुशाल व्याख्यान दे. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन.

तो माणूस आजही आहे. पीत नाही. माळही आहे. त्याला सुनेनं वाचवलं हे तो सांगतो आणि पांडुरंगानं वाचवलं हेही सांगतो. दोन्ही एका दमात. तुझ्यासारखा माणूस यातलं एक खोडायला जाईल. तो जात नाही.

आता तुझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. एए म्हणजे ख्रिस्ती लोकांचं भजनी मंडळ, असं तू म्हणतोस. उगम तसा होता खरा. एए सुरू करणारा बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस, स्वतः दारुडा. 1934 च्या डिसेंबरमध्ये दारू सोडवण्यासाठी टाउन्स हॉस्पिटलमध्ये असताना त्याला खोलीभर लख्ख उजेड दिसला, देव भेटल्यासारखं वाटलं. आपण वेडे झालो की काय, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर सिल्कवर्थ म्हणाले, जे काही झालंय ते धरून ठेव. (त्या इस्पितळात बेलाडोना या विषारी वनस्पतीचा उपचार करत, आणि त्यानंही भास होतात. तू हे बोलणारच, म्हणून आधीच बोलून टाकतो.) पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा भाग. 1935 च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अॅक्रनला गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, खिशात फारसे पैसे नाहीत, पलीकडून बारमधले हसण्याचे आवाज. देव भेटून पाच महिने झाले होते, तरी पाय तिकडेच वळत होते. मग त्यानं काय केलं? चर्चची यादी बघून फोन लावले आणि कुणीतरी दुसरा दारुडा गाठून द्या म्हणाला. तसा भेटला तो डॉ. बॉब स्मिथ, शल्यविशारद.

आणि शिऱ्या, हा डॉ. बॉब दोन-अडीच वर्षं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या धार्मिक मंडळात नेमानं जात होता. प्रार्थना करत होता, बायबल वाचत होता आणि पीतही होता. त्याच्या श्रद्धेत खोट होती असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर बसून "माझंही असंच होतं" म्हणणारा माणूस तोवर आला नव्हता, एवढंच. बिल भेटल्यावरही तो एकदा घसरलाच. 10 जून 1935 ला त्यानं शेवटचा घोट घेतला आणि ती तारीख एएचा जन्मदिवस धरतात. श्रद्धेचं काम मला दिसतं ते इथे. ती बिलला फोनपर्यंत घेऊन गेली. फोन उचलला दुसऱ्या माणसानं.

तुझ्या जातीचे लोकही तिथे पहिल्यापासून होते. एएचं पुस्तक आणि दारू सोडण्याच्या त्यातल्या बारा पायऱ्या लिहिताना त्यांच्यात चांगली भांडणं झाली. एका गटाला उघड ख्रिस्ती भाषा हवी होती, आणि नास्तिक-अज्ञेयवादी मंडळी ऐकायला तयार नव्हती. शेवटी 1939 मध्ये पुस्तक छापून आलं, तेव्हा त्यात 'आम्हाला समजला तसा देव' असं लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या पायरीत तर देव नाहीच, आपल्यापेक्षा मोठी अशी एक शक्ती आहे. भारतात एए 1957 मध्ये आलं. आपल्या मराठी मीटिंगांमध्ये त्या शक्तीला 'उच्चशक्ती' म्हणतात. ती कोणती, हे कुणी कुणाला विचारत नाही.

आमची मीटिंग एका चर्चच्या मागच्या खोलीत भरते. भिंतीवर येशूची तसबीर, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास. एक जण मीरासाहेबांच्या दर्ग्याला दर गुरुवारी जाणारा रिक्षावाला आहे, एक माळकरी शेतकरी, एक कॉलेजातला मराठीचा प्राध्यापक. एस.टी.चा एक निवृत्त कंडक्टर शेअरिंगला उभा राहिला की म्हणतो, "माझी उच्चशक्ती म्हणजे डेपोचं टाइमटेबल. गाडी सुटायची ती सुटतेच, माझ्यासाठी थांबत नाही." सगळे हसतात आणि तो खाली बसतो. तो कित्येक वर्षं कोरडा आहे. आता याच्या टाइमटेबलला तू कसा विरोध करणार?

माझं विचारशील तर मी सुरुवातीला देव बाजूला ठेवला आणि खोलीतल्या माणसांनाच माझ्यापेक्षा मोठं मानलं. तेवढं मानायला काही चमत्कार लागला नाही. त्यांना जमत होतं, मला जमत नव्हतं, हे डोळ्यांना दिसत होतं. कारखान्याच्या लॅबमध्ये मी उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यातला गोडवा, मोजायचो. यंत्र चुकतंय असं वाटलं की दुसऱ्या यंत्रावर ताडून बघायचं, हा साधा नियम. दारूच्या बाबतीत माझं डोकं हेच चुकणारं यंत्र होतं, आणि मी त्याचंच रीडिंग त्याच्यावरच ताडून बघत होतो. "मी बघून घेईन, मी सोडीन, मला कुणाची गरज नाही." ते एकदा सोडलं आणि मग हळूहळू सकाळी प्रार्थनाही म्हणायला लागलो. कुणाला उद्देशून म्हणतो ते अजून नक्की ठरलेलं नाही. पण म्हटली की दिवसाची सुरुवात माझ्या फुशारकीनं होत नाही.

तुला आकडे लागतात, म्हणून आकडे देतो. 2020 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला, 27 अभ्यास, 10,565 माणसं. एए आणि एएकडे वळवणारे पद्धतशीर उपचार घेतलेल्यांत वर्षाअखेर 42 टक्के लोक पूर्ण कोरडे होते. सीबीटीसारखे (विचार-वागणूक बदलणारी मानसोपचार पद्धत) दुसरे उपचार घेतलेल्यांत 35 टक्के. म्हणजे जादू नाही, पण फरक आहे. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले, हेही लक्षात ठेव. एए नेमकं कशामुळे चालतं, हे शोधणाऱ्यांना सगळ्यात मोठा वाटा सापडला तो मित्रमंडळ बदलण्याचा. पिणारे दोस्त कमी होतात, न पिणारे वाढतात. अध्यात्माचा वाटाही सापडला, आणि तो फार वाईट अवस्थेतून आलेल्यांमध्ये जास्त. तू आणि मी कुठल्या गटात मोडतो, ते तू ठरव. मी माझं ठरवलंय.

एका गोष्टीत मात्र मी पूर्ण तुझ्या बाजूचा आहे. श्रद्धेचा धाक झाला की ती माणसाला पुन्हा बाटलीकडे ढकलते. नवस बोलला, मोडला, आता देव कोपणार, मग मोडलाच आहे तर पिऊनच घेऊ. हे मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. अॅलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच लिहिलंय. एका पेगनं पडत नाही तेवढा माणूस त्यानंतरच्या "मी पापी" या भावनेनं पडतो. आमच्याकडे कुणी घसरला की दुसऱ्या दिवशी त्याला फोन जातो, "चहाला ये." पापपुण्याचा हिशोब कुणी मांडत नाही. तुला पहिल्या मीटिंगला कुणी पाप-बीप बोललं, तर उठून ये. दुसरी मीटिंग शोधू. पुण्यात काय तोटा आहे?

आणि तुझ्याच चळवळीतलं सांगतो. दाभोलकरांनी आयुष्यभर बुवाबाजीशी झुंज दिली, आणि साताऱ्यात व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं. तुमच्या पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते अनिता आणि अनिल अवचटांनी आणि पु. ल.-सुनीताबाईंच्या मदतीनं. त्यातलं कुणी देवभोळं होतं असं तू म्हणणार नाहीस. मागे जाशील तर गाडगेबाबा. मूर्तीपुढे हात जोडण्यापेक्षा धर्मशाळा बांधणारा माणूस, आणि कीर्तनात दारू पिऊ नका म्हणून लोकांना बोल लावणारा. त्यांचं कीर्तन ऐकून तू उठून गेला असतास का?

प्रार्थनेचं म्हणशील तर पहिला 'देवा' हा शब्द गाळ आणि बाकीची म्हण. बदलता येत नाही ते सोसायचं, येतं ते बदलायचं, आणि दोन्हींतला फरक ओळखायचा, एवढंच आहे तिच्यात. तू शिबिरात पोरांना हेच शिकवायचास. तेवढंही नको वाटलं तर तोंड मिटून उभा राहा. कुणी ओठ बघत नाही. सगळे आपापल्यातच असतात.

गुरुवारी संध्याकाळची मीटिंग तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, मी पत्ता काढून वहिनींना पाठवलाय. तिथल्या एकाशी बोलून ठेवलंय, तो दारात उभा असेल. आपण होऊन ओळख देईल. शेअरिंग लगेच करायची सक्ती नसते, नुसतं बसून ऐकलंस तरी चालतं. वहिनींना म्हणावं, त्यांच्यासाठीही अल-अॅनॉनची वेगळी मीटिंग असते, घरच्यांची. त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त सोसलंय.

आणि डायसल्फिराम, ती दारू पोटात गेली की त्रास देणारी गोळी, चालू आहे ना? मग खोकल्याचं औषध, टॉनिक, वैद्यांची आसवं-अरिष्टं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच औषधांत अल्कोहोल असतं. मीटिंगमधला एखादा जुना मेंबर "गोळ्या कशाला, श्रद्धा ठेव" म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. एएचं तसं काही म्हणणं नाही, ते त्याचं स्वतःचं आहे.

गुरुवारी रात्री नऊनंतर फोन कर. वाद घालायला केलास तरी चालेल.

तुझा,
बंड्या