गुरुजींनी शिकवले काय?

महोदय,

निवृत्त शिक्षक-प्रशिक्षक गेले की छापून येणारे लेख एकाच साच्यातले असतात: जन्म, नोकरी, पुरस्कार आणि शेवटी 'पोकळी'. गुरुजींनी मैदानावर नेमके काय शिकवले, ते राहूनच जाते.

रिलेचेच घ्या. ४ बाय १०० मीटरमध्ये (चार धावपटू, प्रत्येकी १०० मीटर) बॅटन, म्हणजे हातातली छोटी नळी, ३० मीटरच्या पट्ट्यातच दिली-घेतली जावी लागते. पंच धावपटूचे पाय नव्हे, बॅटन कुठे आहे ते बघतात. म्हणून जाणता प्रशिक्षक पुढच्या धावपटूच्या मागे पावलाला पाऊल लावून, साधारण वीस-पंचवीस पावलांवर खूण करतो. मागचा खुणेवर आला की पुढच्याने मागे न बघता सुटायचे. खूण लांब पडली तर मागचा गाठूच शकत नाही, जवळ पडली तर तो अंगावर येतो. शाळकरी मुलांचा वेग कमी, म्हणून खूणही जवळ. जोडी बदलली की पुन्हा मोजणी. हे चिकाटीचे काम पदकांच्या यादीत कुठे दिसणार?

लेख लिहिणाऱ्यांनी दोन-तीन माजी विद्यार्थ्यांकडून असा एखादा तपशील जरूर घ्यावा. नोकरीच्या तारखा मात्र सेवापुस्तकावरूनच; आठवणीतली वर्षे हमखास चुकतात. पुरस्कार चौकटीत टाकले तरी चालतील.

— काही क्रीडाशिक्षक