रेक्सहॅम तेव्हा मोठा होता

महोदय,

क्रीडापानावरचा रेक्सहॅम या वेल्समधल्या फुटबॉल क्लबवरचा लेख वाचला. सिनेनटांनी क्लब विकत घेतला, मग लागोपाठ तीन वर्षं वरच्या विभागात बढती, सगळं बरोबर. पण ‘नॉन-लीग म्हणजे कोणत्याच लीगमध्ये न खेळणारे हौशी संघ’ हे वाक्य साफ चुकलं आहे. नॉन-लीगवाले लीगमध्येच खेळतात. इंग्लंडच्या वरच्या चार विभागांतल्या ९२ क्लबांत ते नसतात, इतकंच. आणि १९८७ पर्यंत खालच्यांना वर जायला थेट वाटच नव्हती. तळाच्या क्लबांना ठेवायचं की त्यांच्या जागी बाहेरचा घ्यायचा, यावर आतलेच क्लब मतदान करत. आता आतले आपल्याच माणसाला बाहेर कशाला काढतील? अपवाद घडले, पण थोडे.

दुसरं असं, की लेखात रेक्सहॅमला जन्माचा गरीब बिचारा करून टाकलंय. मला ठाऊक असलेला रेक्सहॅम दांडगा होता.

१९७८ च्या फेब्रुवारीत मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्सला होतो, सेकंड इंजिनिअरचं टिकेट, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र, काढायला. बोटीवरची आम्ही मराठी पोरं क्रिकेटवाली, फुटबॉलचा गंध नाही. पण घरमालकीण ब्लाइदची. टाईन नदीच्या उत्तरेला, कोळशाच्या बंदराचं छोटं गाव. तिथला ब्लाइद स्पार्टन्स हा क्लब १८९९ चा, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, तेव्हा नॉर्दर्न लीगमधला, म्हणजे नॉन-लीगच. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना; तिच्या एफए कप या लहानमोठ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत त्या मोसमात पात्रता फेऱ्यांपासून जिंकत जिंकत तो थेट पाचव्या फेरीत पोचला होता. चौथ्या फेरीत त्यांनी स्टोक सिटीला स्टोकच्याच मैदानावर ३-२ ने हरवलं, त्या रात्री बाईंनी आम्हाला झोपू दिलं नाही. मॅनेजर शाळामास्तर, फॉरवर्ड अ‍ॅलन शोल्डर कोळसाखाणीतला कामगार.

पाचव्या फेरीत समोर रेक्सहॅम. तिसऱ्या विभागातला, आणि त्याच वर्षी त्या विभागात पहिला आलेला. न्यूकॅसल युनायटेडला आदल्याच फेरीत या रेक्सहॅमनेच घरी पाठवलं होतं. रेक्सहॅमच्या मैदानावर ब्लाइद शेवटच्या मिनिटापर्यंत १-० ने पुढे. रेक्सहॅमला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, मिळाला, तो वायाही गेला. पण गोठलेल्या जमिनीत कोपऱ्याचं निशाण उभं राहीना, म्हणून रेफ्रीने तो पुन्हा घ्यायला लावला आणि त्यांच्या डिक्सी मॅकनीलने गोल करून १-१ अशी बरोबरी केली. बाई पुढे आठवडाभर त्या निशाणाला शिव्या घालत होत्या. चहा ओततानासुद्धा.

फेरसामना २७ फेब्रुवारीला न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर होता. आम्ही तिघं गेलो, पण पोचेपर्यंत दरवाजे बंद. आत ४२,१६७ माणसं, बाहेर आमच्यासारखी कितीतरी. थंडीत भिंतीला पाठ लावून मी तो सामना ऐकला. दोनदा अख्खं मैदान गप्प झालं, म्हणजे रेक्सहॅमचे दोन. मग उशिरा एकदा जो आवाज उठला, तो इंजिनरूममध्ये चाळीस वर्षं काढलेल्या या कानांत अजून आहे. ब्लाइदच्या टेरी जॉन्सनचा गोल. निकाल १-२, ब्लाइद हरला. जिंकले असते तर पुढच्या फेरीत लंडनचा आर्सेनल होता.

परतल्यावर हळहळ व्यक्त केली, तर बाई म्हणाल्या, “हे काय घेऊन बसलात? आमच्या बायका हरल्याच नव्हत्या.” त्यांची आई पहिल्या महायुद्धात ब्लाइदच्या गोदीत दारूगोळ्याच्या कामावर होती. त्या कामगार बायकांनी क्लबचंच नाव घेऊन संघ काढला, खलाशांकडून किनाऱ्याच्या वाळूत खेळ शिकल्या. १८ मे १९१८ ला मिडल्सबरोला म्युनिशनेट्स कपचा, म्हणजे दारूगोळा कामगार बायकांच्या स्पर्धेचा, फेर-अंतिम सामना त्यांनी ५-० ने जिंकला. प्रेक्षक २२,०००. खाणकामगाराची लेक बेला रे हिने त्यात तीन गोल मारले. त्या एका मोसमात तिचे १३३ झाले होते. डिसेंबर १९२१ मध्ये एफएने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास ५० वर्षं. हे सगळं बाईंनी बशा विसळत सांगितलं. मला १३३ हा आकडा तेव्हा थाप वाटला होता. पुढे छापलेला दिसला, तेव्हा मनातल्या मनात कान पकडले.

परीक्षा झाल्यावर मी क्रॉफ्ट पार्कला, ब्लाइदच्या मैदानावर, एक साधा लीग सामना पाहून आलो. एफए कपची गर्दी ओसरली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने न विचारता अर्धं सँडविच दिलं आणि सामना संपेपर्यंत त्याच निशाणाबद्दल बोलत राहिला.

तेव्हा ‘नॉन-लीग’ची चूक कृपया दुरुस्त करावी. आणि चौकटीत चार ओळींची जागा उरली, तर तिथे बेला रे हिचे १३३ गोल छापावेत.

– एक निवृत्त चीफ इंजिनिअर, मर्चंट नेव्ही