पस मॉथला पंखांच्या दोन जोड्या कुणी लावल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या विमानांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांची भाषा गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ विमानातून, आणि तुम्ही फोटो छापलाय टायगर मॉथचा! पस मॉथला पंखांची एकच जोडी, वर, आणि केबिन बंद. फोटोतल्या विमानाला एकावर एक दोन जोड्या, वैमानिक उघड्यावर. दोन्हींच्या नावात मॉथ आहे ना, मग चालतंय की! उद्या बुलेटच्या बातमीला लूनाचा फोटो लावा.

ही विमानं लोकांना अजून का खुणावतात, तर म्हणे 'गतकाळाची स्वप्नं'. उद्यमनगरात लेथवर जन्म काढलेल्या कुणालाही विचारायचं होतं. टायगर मॉथला ना सेल्फ, ना ब्रेक. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. टाकी वरच्या पंखात, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येणार, पंपाची भानगडच नाही. सगळं काम उघडं, बघून समजणारं. राइट बंधूंवर अर्धा रकाना खर्चलात, पण त्यांचं १२ एचपीचं इंजिन सहा आठवड्यांत बनवणारा मेकॅनिक चार्ली टेलर कुठंच नाही. त्याने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, पोलादाच्या सबंध पाटातून काढला. कडेने ड्रिलची भोकं पाडली, जादा माल छिन्नी-हातोड्याने उडवला, मग लेथवर टर्निंग. एवढं छापलं असतं तर आमच्या गल्लीत पुरवणी रद्दीत गेली नसती.

खरं दुखणं वेगळंच आहे. इथल्याच एका शिक्षणसंस्थेच्या आवारात जुनं पुष्पक विमान होतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, १९५८ ला पहिल्यांदा उडालेलं मॉडेल. पंखांवर कापड असतं, त्याला डोप नावाचा खास लेप लावतात. तो वाळताना कापड आवळतो. पाहुणे येणार म्हणून संस्थेने त्यावर गेटचा उरलेला ऑइल पेंट फासला. मी जाऊन सांगितलं तर साहेब म्हणाले, "काका, चकाचक दिसतंय की. उडवायचंय कुणाला?" पुढच्या पावसाळ्यात कापड फाटलं, आतल्या फासळ्या दिसायला लागल्या, कबुतरांनी संसार थाटला. शेवटी भंगारवाल्याचा टेम्पो आला. तेव्हा आपल्याला पत्र लिहिलं होतं. आपण छापलं नाहीत. जागा नसेल.

जागेवरून आठवलं. उजळाईवाडीचं विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत झालं, त्यावर कोल्हापूरच्या पेपरात एक ओळ नाही, आणि शेजारी सराफाची पानभर जाहिरात. हल्ली पहिलं पान सापडायलाच दोन पानं उलटावी लागतात.

तरी फोटोची दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी ही विनंती. म्हणजे, आपण ज्याला पहिलं पान समजता त्या पानावर.

आपला,
एक निवृत्त टर्नर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर