डेंग्यूचा आकडा गल्लीपर्यंत येऊ दे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की पेपरात डेंग्यूचा आकडा येतो, संशयित एवढे, पॉझिटिव्ह तेवढे. पण ते कुठल्या पेठेतले, कुठल्या आठवड्यातले हे काय कळत नाही. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, मला राजारामपुरी, कसबा बावडा सगळं मिळून एकच आकडा देऊन काय उपयोग?

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला ताप आला, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणत होती, तिसऱ्या दिवशी एका खाजगी दवाखान्यात डेंग्यूची कार्डवरची झटपट टेस्ट (एनएस-वन) पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट घसरल्या, पाच दिवस अ‍ॅडमिट. ती घरी येईस्तोवर गल्लीत आणखी दोन घरांत ताप. मग सर्व्हेवाली मुलगी आली, तिनं मोरीशेजारच्या बॅरलमध्ये बॅटरी मारली तर अळ्या नुसत्या वळवळत होत्या, वहिनी बघून तिथंच मटकन खाली बसल्या. मुलगी यादी चाळून म्हणाली, "काका, तुमच्या पेशंटचं नावच नाही यात." दवाखान्यानं कळवलंच नव्हतं! अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात, मग दोन आठवड्यांनी नाव कळून काय करायचं?

दुसरं म्हणजे कार्ड टेस्टवाला पेशंट संशयितमध्येच धरतात, लॅबमधली एलायझा ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरच पक्का. त्यामुळं 'पॉझिटिव्ह' एवढाच आकडा छापला की साथ आहे त्यापेक्षा लहान दिसते आणि लोक बिनधास्त राहतात. कृपया दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

मृत्यूचं तर फारच अवघड आहे. मृत्यू डेंग्यूनंच झाला का हे कमिटी कागद बघून ठरवते, ते बरोबरच आहे, त्याला वेळ लागणार. पण तोवर 'संशयित मृत्यू, तपासणी सुरू' असं तरी लिहा की, घरातलं माणूस गेलंय आणि पेपरात मृत्यू शून्य हे त्या घरानं कसं वाचायचं? सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, सिंधुदुर्गातनं, सीमाभागातनं पण पेशंट येतात, तेव्हा मृत्यू राहत्या गावावर धरला का दवाखान्याच्या गावावर हेही सांगायला पाहिजे. आणि तारीख मृत्यूची द्या, नोंदीची नको. 2021 च्या जूनमध्ये राज्यात कोरोनाचे जुने राहिलेले मृत्यू मागाहून आकड्यात घातले, तेव्हा रोजचा आकडा बघून नेमकं आत्ता काय चाललंय तेच कळेना.

माहिती गोळा होत नाही असं नाही. साथरोगांवर लक्ष ठेवायचा केंद्राचा कार्यक्रम 2004 पासून आहे, आता ऑनलाइन पोर्टल पण आहे. फक्त ती माहिती आमच्यापर्यंत येत नाही. 2012 ला इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली, माणसं गेली. असल्या वेळी कुठल्या भागात पेशंट वाढायलेत हे लवकर कळलं तर लोक पाणी उकळून तरी पितील.

म्हणून विनंती, दर सोमवारी आतल्या पानावर एक चौकट द्या, प्रभागाप्रमाणं ताप, डेंग्यू, कावीळ, गॅस्ट्रो, गेल्या आठवड्याचे आणि या आठवड्याचे. पेशंटची नावं अजिबात नकोत. आरोग्य विभागाकडनं आकडे मागून घ्या, एखाद्या प्रभागाचे आले नाहीत तर 'आले नाहीत' असंच छापा. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या फळ्यावर ती चौकट लिहायचं काम मी करतो.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर